रक्तातील एक आकडा

आता तुम्हांला वाचता येते. एसटीची पाटी, दुकानदाराची पावती, सात-बारा, हळद विकल्यावर मिळालेली काटापट्टी, हे सारे तुम्ही स्वतः वाचता. कुणाच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही. आज आपण आणखी एक कागद वाचू. हा कागद दवाखान्यातला आहे. त्यावर पुष्कळ ओळी असतात. त्यांतली एकच ओळ आपल्याला हवी आहे. पण आमच्या एका मित्राच्या घरी ही ओळ कुणी वाचली नव्हती, तेव्हा काय झाले, ते आधी सांगतो.

आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातले, कयाधू नदीच्या बाजूचे. गावात आमचे एक जुने स्नेही आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. पाच एकर रान. सोयाबीन, तूर, थोडी हळद. गळ्यात तुळशीची माळ. एकादशीला नरसी नामदेवला जाणे त्यांनी कधी चुकविले नाही. आबांना पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. मधुमेह म्हणजे आपण ज्याला ‘शुगर’ म्हणतो ती. औषध कधी घेतले, कधी राहिले. अंगदुखीच्या गोळ्या मात्र दुकानातून आणून रोज घेतल्या. शेवटी त्यांची मूत्रपिंडे बिघडली.

मूत्रपिंड म्हणजे किडनी. पाठीत, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, कण्याच्या दोन अंगांना दोन मूत्रपिंडे असतात. एकेक आपल्या बंद मुठीएवढे. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. उपयोगाचे ते परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या लघवीबरोबर अंगातली घाण जाते. वाढलेली शुगर आणि वाढलेला रक्तदाब या दोन गोष्टी ही गाळणी खराब करतात. दुखणे थांबविण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर त्याही करतात.

आबांची मूत्रपिंडे बिघडू लागली, पण पुरती बंद पडली नव्हती. त्या वेळी डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते : मीठ कमी, डाळ कमी, दूध कमी. आबांच्या मंडळींना तेव्हा वाचता येत नव्हते. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. ती चिठ्ठी आम्हीच मोठ्याने वाचून दाखविली, आणि चुलीजवळच्या भिंतीला आम्हीच चिकटवून दिली. वहिनींनी ती मनापासून पाळली. चिठ्ठी बरोबरही होती. डाळ, दूध, अंडी, मांस यांत प्रथिने असतात. प्रथिने अंगात वापरली गेली की त्यांची राख, म्हणजे युरिया नावाची घाण, रक्तात उरते. गाळणी अशक्त झाली की तिच्यावरचा भार कमी करावा लागतो.

दोन वर्षे गेली. मूत्रपिंडे पुरती थकली. आबांना डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा ते हिंगोलीला जाऊ लागले. भिंतीवरची चिठ्ठी मात्र तशीच राहिली.

डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त धुणे. हाताच्या शिरेतून रक्त नळीने बाहेर येते. केसासारख्या बारीक, पोकळ हजारो धाग्यांतून ते जाते. धाग्यांच्या बाहेरून औषधी पाणी वाहत असते. धाग्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. त्यांतून घाण आणि जास्तीचे पाणी निघून जाते, आणि स्वच्छ रक्त परत अंगात येते. एका वेळेला सुमारे चार तास लागतात.

हे यंत्र फार जुने नाही. हॉलंड देशात विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली ते पहिल्यांदा माणसावर वापरले. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. सामान मिळत नव्हते. मांसाचे सारण भरण्यासाठी खाटीक जी सेलोफेनची नळी वापरतात, ती त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली आणि तिच्यातून रक्त फिरविले. पहिले रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. पुढे १९६० साली अमेरिकेत सिएटल शहरात स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरांनी हातावर कायम राहणारी नळी बसविली. तेव्हापासून रोगी वर्षानुवर्षे यंत्रावर जगू लागले.

जयप्रकाश नारायण यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९७५ साली आणीबाणीत ते अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. तेथे त्यांना डायलिसिस सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. त्यानंतर ते जवळजवळ चार वर्षे जगले. १९७७ सालची निवडणूक त्यांनी यंत्राच्या आधारावर राहूनच पार पाडली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते वारले. त्या काळी आपल्या भागातल्या शेतकऱ्याला अशा यंत्राचे स्वप्नही पडले नसते. आता तसे नाही. २०१६ साली केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याची योजना सुरू केली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. तिचे आधीचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होते. ती २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत आपल्या शेजारचे नांदेड होते. यंत्र दारापर्यंत आले, ही मोठी गोष्ट झाली. पण यंत्रावर बसलेला माणूस किती दिवस जगेल, हे एकट्या यंत्रावर ठरत नाही. आबांच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हते. आम्हांलाही नव्हते.

वर्षभरात आबांचा सदरा ढगळ झाला. दंड काडीसारखे झाले. पाय मात्र सुजले. वजन काट्यावर तेवढेच भरे, म्हणून घरच्यांना वाटे, ठीक आहे. ते सुजेचे पाणी होते. यंत्रावर बसले की आबांचा रक्तदाब एकदम खाली जाई, डोळ्यांपुढे अंधारी येई. घरी आल्यावर ते संध्याकाळपर्यंत पडून राहत. एकदा आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाले, “गुरुजी, आता लई दिवस काही दिसत नाहीत मला.” आम्ही काही बोललो नाही.

वहिनींनी फडताळातून एक पिशवी काढली. त्यांनी त्याच हिवाळ्यात साक्षरतेच्या वर्गात नाव घातले होते. म्हणाल्या, “गुरुजी, महिन्याच्या महिन्याला रक्त काढतात, कागद देतात. म्या सगळे ठिवलेत. त्यात काय असतं, ते तरी वाचा.”

अकरा कागद होते. एकाही कागदाची घडी नीट उलगडलेली नव्हती. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, इंग्रजी अक्षरे लावता येतात, अर्थ सगळा कळत नाही. पण एका ओळीपुढे पुष्कळ कागदांवर लॅबवाल्याने बाण काढलेला दिसला. बाण खाली जाणारा. पहिल्या कागदावर आकडा ३.६ होता. मग ३.४. मग ३.१. शेवटच्या कागदावर २.८. पलीकडच्या रकान्यात छापले होते, ३.५ ते ५.०. म्हणजे निरोगी माणसाचा आकडा एवढा असावा. त्या ओळीवर नाव होते आल्ब्युमिन.

पुढच्या खेपेला आम्ही आबांबरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि विचारले, “घरी खातात काय?”

वहिनी अभिमानाने म्हणाल्या, “पथ्य एकदम कडक आहे, बाईसाहेब. डाळीचा दाणा देत नाही त्यांना. दूध नाही, दही नाही.”

डॉक्टरीणबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. “कुणी सांगितलं?”

वहिनींनी आमच्याकडे पाहिले.

त्या दिवशी आम्हांला जे कळले, ते येथे सांगतो.

आल्ब्युमिन हे रक्तातले एक प्रथिन आहे. ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, तयार होते. रक्तातल्या तांबड्या पेशी बाजूला काढल्या की पिवळसर रस उरतो. त्या रसात ते विरघळलेले असते. त्याचे मोठे काम पाणी धरून ठेवण्याचे. तुम्ही शेतकरी आहात. काळ्या जमिनीत ओल टिकते, मुरमाड रानात पाणी थांबत नाही, खाली निघून जाते. आल्ब्युमिन हे रक्तातली काळी माती समजा. ते कमी झाले की पाणी रक्तवाहिनीत थांबत नाही, बाहेर झिरपते. पाय सुजतात. रक्तवाहिनी मात्र रिकामी पडते. मग यंत्र पाणी ओढू लागले की रक्तदाब कोसळतो. आबांची अंधारी हीच होती. आल्ब्युमिन औषधांनाही रक्तातून वाहून नेते.

आता आकडा कसा वाचायचा ते पाहू. मधले टिंब नीट पाहा. टिंबाच्या डावीकडे पुरा आकडा, उजवीकडे त्याचे दहावे भाग. ३.५ म्हणजे तीन आणि पाच दहावे भाग. पाच दहावे भाग म्हणजे अर्धा. म्हणून ३.५ म्हणजे साडेतीन. २.८ म्हणजे पावणेतीनच्या किंचित वर. ३.२ आणि ३.८ यांत ३.८ मोठा. ज्यांना सव्वा, दीड, अडीच समजते, त्यांना हे अवघड नाही. हा आकडा ग्रॅमचा असतो. रक्ताच्या १०० मिलिलिटर रसात किती ग्रॅम आल्ब्युमिन आहे, ते तो सांगतो. १०० मिलिलिटर म्हणजे चहाचा एक लहान कप.

कागद इंग्रजीत असतो, याची भीती बाळगू नका. इंग्रजी आकडे तुम्ही मोबाइलवर रोज पाहता. पहिल्या वेळेला लॅबवाल्याला किंवा नर्सताईंना विचारा, ‘आल्ब्युमिनची ओळ कोणती?’ आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून घ्या. पुढच्या महिन्याचा कागद बहुधा त्याच साच्याचा असतो. ओळ सापडते. रक्त दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासावे. दोन लॅबच्या पद्धती निराळ्या असल्या तर तेच रक्त निराळा आकडा दाखवू शकते. रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी काढतात, यंत्रावरून उतरल्यावर नाही.

हा आकडा इतका का पाहायचा? अमेरिकेत डॉक्टरांनी डायलिसिसवरच्या १३,४७३ रुग्णांचे कागद तपासले. १९९३ साली त्यांनी त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. ज्यांचे आल्ब्युमिन ४.० ते ४.४ होते, त्यांच्याशी इतरांची तुलना केली. ३.५ ते ३.९ असलेल्यांना मरणाचा धोका सुमारे दीडपट होता. ३.० ते ३.४ असलेल्यांना सुमारे तिप्पट. म्हणजे अदमासाने असे समजा : एका गटातले शंभरांत दहा जात असतील, तर दुसऱ्यातले पंधरा आणि तिसऱ्यातले तीसच्या आसपास. यंत्राने रक्त किती स्वच्छ धुतले, हेही त्यांनी मोजले होते. पण पुढे कोण दगावेल, याची खूण त्या मोजणीपेक्षा आल्ब्युमिनने फार चांगली दिली. पुढे इतर देशांतही डॉक्टरांना असेच दिसले.

हा हिशेब हजारो माणसांचा आहे. तालुक्याच्या सरासरीवरून तुमच्या एका वावराचा उतारा सांगता येत नाही. तसेच या आकड्यावरून कुणा एकाचे आयुष्य मोजू नये. आबांनी २.८ ऐकले आणि ते घाबरले. त्यांना आम्ही हेच सांगितले. पण वावर पिवळे पडलेले दिसले, तर शेतकरी बांधावर बसून राहत नाही. कारण शोधतो.

आणि इथेच लोक चुकतात. सोयाबीनचे पान पिवळे पडले, तर ते कशाने? कधी जमिनीत लोह कमी असते. कधी पाणी साचून मुळे गुदमरतात. कधी पिवळा मोझॅक आलेला असतो, जो पांढरी माशी पसरविते. मोझॅक आलेल्या रानात खताची पोती ओतली, तर काय उपयोग? आल्ब्युमिनचेही तसेच आहे. ते कमी होण्याचे एक कारण पोटात प्रथिने कमी जाणे. दुसरे कारण अंगात कुठे तरी दाह असणे. दाह म्हणजे आतली धग. पायाची न भरणारी जखम, सडलेला दात, मानेत घातलेल्या नळीत झालेला पू, क्षयासारखा रोग, यांपैकी काहीही असेल. अंग त्या धगीशी लढत असते, तेव्हा यकृत आल्ब्युमिन करणे कमी करते. त्या वेळी कितीही खायला घाला, आकडा चढत नाही. तिसरे कारण अंगात पाणी जास्त साठणे. वरणात पाणी ओतले की ते पातळ होते, तसे रक्त पातळ होते आणि आकडा उतरतो. काहींचे आल्ब्युमिन लघवीतून जाते. पुष्कळांना यांतली दोन-तीन कारणे एकदमच असतात.

काही नातेवाईक म्हणतात, आल्ब्युमिनची बाटली चढवा. ती महाग असते. काही विशेष आजारांत डॉक्टर ती देतात. पण नुसता आकडा वाढावा म्हणून बाटली चढविणे म्हणजे पिवळ्या पानाला हिरवा रंग लावणे. आठवडा-दोन आठवड्यांत पान पुन्हा पिवळे. कारण तसेच राहते.

डॉक्टरीणबाईंनी आबांना जोडे काढायला लावले. डाव्या टाचेला भेग होती, आत जखम होती. शुगरमुळे पायाची जाणीव गेलेली, म्हणून आबांना ती दुखत नव्हती. वहिनींनीही पाहिली नव्हती, कारण आबा मोजे घालूनच झोपत. टाच साफ केली, औषध सुरू केले, रोज पट्टी बदलायला सांगितली. दात तपासायला धाडले. मग त्या अन्नाकडे वळल्या.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अनेक घरांत हीच चूक होते. मूत्रपिंड बिघडले आहे पण डायलिसिस सुरू नाही, तेव्हा प्रथिने कमी लागतात. वजनाच्या दर किलोला रोज पाऊण ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी. ज्या दिवशी डायलिसिस सुरू होते, त्या दिवशी हिशेब उलटतो. आता घाण काढायला यंत्र आहे. आणि यंत्र नुसती घाण काढत नाही. आल्ब्युमिन आकाराने मोठे, ते भोकांतून फारसे जात नाही. पण ज्या बारीक तुकड्यांपासून अंग प्रथिने बांधते, ते तुकडे निघून जातात. एका वेळेला सुमारे ६ ते ८ ग्रॅम. एका अंड्यात जेवढे प्रथिन, जवळपास तेवढे दर खेपेला पाण्याबरोबर वाहून गेले. शिवाय यंत्रावरचे चार तास अंग स्वतःचे स्नायूही झिजवते. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. आबांचे वजन सूज सोडून ५० किलो. म्हणजे त्यांना रोज निदान ५० ग्रॅम हवीत.

ज्यांना डायलिसिस नाही, त्यांनी हे वाचून डाळ-दूध वाढवू नये. त्यांचे पथ्य निराळे. दोघांची चिठ्ठी एक नाही.

बाईंनी हिशेब मांडायला सांगितला. आम्ही जन्मभर पोरांना हिशेब शिकविला, तेव्हा कागद आमच्याकडे आला. ज्वारीच्या दोन भाकरी. एका भाकरीला सुमारे ७० ग्रॅम पीठ, त्यात ७ ग्रॅम प्रथिने. दोन भाकरींचे १४. वाटीभर भाताचे २. चहातल्या दुधाचे २. भाजीचे २. एकूण २०. हवीत ५०, मिळतात २०. आणि हे बाकीच्या दिवसांचे. डायलिसिसच्या दिवशी आबा पहाटे नुसता चहा घेऊन एसटीला उभे राहत. चार तास यंत्र, मग परतीच्या गाडीची वाट. घरी येईतो तीन वाजत. तेव्हा जेवण जात नसे. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस जवळजवळ उपवासच. शिवाय एकादशी, शनिवार, ते आणखी वेगळे.

तीस ग्रॅम कुठून आणायचे? बाई म्हणाल्या, अंडी खा. अंड्याचा पांढरा बलक फार चांगला, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन, आणि त्यात फॉस्फरस नावाचा क्षार अगदी कमी. हा क्षार मूत्रपिंडाच्या रोग्याच्या रक्तात साठतो आणि हाडे खराब करतो. जे खातात त्यांच्यासाठी कोंबडी, मासेही चांगले. आबांनी माळेला हात लावला. “बाईसाहेब, ते नको. मेलो तरी नको.”

बाईंनी आग्रह केला नाही. दुसरा हिशेब करून दिला. दिवसाला ५० ग्रॅम मुगाची किंवा तुरीची डाळ, घट्ट वरण करून. त्याचे ११ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम, त्यांचे १० ग्रॅम. घरचे पनीर ५० ग्रॅम, त्याचे ९. झाले तीस. वहिनी चकित झाल्या. “आपण पोत्यानं सोयाबीन विकतो, अन् घरात ह्यांच्या ताटात त्याचा दाणा नाही!” हे खरेच आहे. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते. शंभर ग्रॅम दाण्यांत ३५ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. ते सारे अडत्याच्या काट्यावर जाते.

पण डाळ आणि सोयाबीन खाताना सांभाळायचे काय, तेही बाईंनी सांगितले. डाळींत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. मूत्रपिंड बंद असले तर तो रक्तात साठतो, आणि फार वाढला तर हृदय अचानक थांबते. म्हणून डाळ रात्रभर भिजवायची, ते पाणी फेकायचे, भरपूर पाण्यात उकळायची, तेही पाणी ओतून द्यायचे, मग फोडणी. वड्या गरम पाण्यात भिजवून पिळून घ्यायच्या. भाजी चिरून धुऊन उकडायची आणि पाणी टाकायचे. शहाळ्याचे पाणी, केळी यांपासून दूर राहायचे. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, नंतर नाही. पाणी आणि मीठ पूर्वीसारखेच मोजून. प्रत्येकाच्या रक्तातले पोटॅशियम वेगळे, म्हणून आबांचे ताट तुम्ही जसेच्या तसे उचलू नका. आपल्या डॉक्टरांना आपला हिशेब विचारा. विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो नसतो तर आबांचे एक वर्ष वाचले असते.

घरी आल्यावर आम्ही पहिल्यांदा ती भिंतीवरची चिठ्ठी काढली. धुराने पिवळी झाली होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. आम्ही मास्तर. हजारो पोरांना सांगितले असेल, कागद हाती आला की आधी तारीख वाचा. ती चिठ्ठी आम्ही कितीतरी वेळा पाहिली, आणि तारीख एकदाही वाचली नाही. वहिनी म्हणाल्या, “जाऊ द्या, गुरुजी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं.” आबा काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर वरण खाल्ले आणि वाटी आमच्याकडे करून दाखविली.

आकडा लगेच चढत नाही. आज अंगात असलेल्या आल्ब्युमिनपैकी निम्मे झिजायला सुमारे वीस दिवस लागतात. नवे भरायलाही तसाच वेळ. पहिल्या महिन्यात २.८ चे २.८ च राहिले. आबा चिडले. दुसऱ्या महिन्यात टाच भरत आली आणि आकडा ३.० झाला. आता डायलिसिसला निघताना वहिनी डबा देतात : धपाटे, त्यात सोयाबीनचे थोडे पीठ, आणि पनीर. आबा यंत्रावर बसण्याच्या तासभर आधी थोडे खातात आणि उतरल्यावर उरलेले. यंत्रावर असताना खाऊ का, असे त्यांनी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, तुमचा रक्तदाब खाली जातो, तुम्ही नको. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मात्र त्यांनी खायला परवानगी दिली होती. घरच्या मंडळींनी आबांना शनिवारचा उपास सोडायला लावला. एकादशी सोडायला ते तयार नव्हते. शेवटी दूध आणि पनीर घेऊन एकादशी करायची, असे ठरले. भगर आणि शेंगदाण्यांबद्दल बाईंना विचारायचे अजून राहिले आहे.

त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, दुसऱ्या तालुक्यातल्या एक मावशी येत. हाडांचा सापळा झाला होता. त्यांचा मुलगा आमच्याजवळ बसून म्हणाला होता, “आमची आई फार सोशीक, मास्तर. काही मागत नाही, काही खात नाही.” आम्ही त्याला कागद दाखवायला सांगितले. तो पुढच्या वेळी आणतो म्हणाला. पुढच्या दोन खेपांना ती खाट रिकामी होती, आणि तिसऱ्या खेपेला तिथे दुसरेच कुणी होते.

वहिनींनी शाळेची एक वही घेतली आहे. त्यात आमच्याकडून पट्टीने रकाने आखून घेतले : तारीख, वजन, आल्ब्युमिन, टाच. अक्षरे अजून वाकडी येतात, आकडे सरळ येतात. आकडे त्या दवाखान्याच्या कागदावरून स्वतः उतरवतात, आणि बोट ठेवून वाचतात. गेल्या आठवड्यात पाचव्या महिन्याचा कागद आला. वहिनींनी ओळ शोधली, पेन्सिलीची रेघ मारली आणि लिहिले ३.४. मग टाचेच्या रकान्यात लिहिले ‘भरली’. पान संपले होते. वही आमच्यापुढे सरकवून म्हणाल्या, “गुरुजी, पुढच्या पानावरबी रकाने आखून द्या.”